पॉर्क्युपाइन बँकेवरची खेप: चारशे मीटर खालची शेवंड

पहिला दिवस: रॉसाव्हील बंदर

मे महिना सरत आला की आयर्लंडमधल्या गॉलवेच्या पश्चिमेला, कॉनेमाराच्या खडकाळ किनाऱ्यावरच्या रॉसाव्हील बंदरात ट्रॉलरांची लगबग सुरू होते. एका बाजूला ॲरन बेटांकडे जाणाऱ्या प्रवासी बोटी, दुसऱ्या बाजूला मासेमारीच्या. पॉर्क्युपाइन बँक या समुद्रातल्या उठावावर १ ते ३१ मे शेवंडीची मासेमारी बंद असते. १ जूनच्या पहाटे जाळं टाकायचं तर आदल्या दिवशी बंदर सोडलेलं बरं.

ही शेवंड म्हणजे आपल्या रत्नागिरी-मालवणच्या खडकातली, लांब मिशांची, नांग्या नसलेली शेवंड नव्हे. नेफ्रॉप्स नॉर्वेजिकस ही सडपातळ, नारिंगी रंगाची, दोन लांब नांग्यांची जात आहे आणि ती चिखलात बिळं करून राहते. हॉटेलात तिची लँगुस्तीन होते, आयरिश बोटीवर सगळे तिला नुसतं ‘प्रॉन’ म्हणतात. ती उथळ पाण्यातही मिळते, अगदी ॲरन बेटांच्या पलीकडेही. पण तिथे बिळांची दाटी, त्यामुळे जीव लहान. पॉर्क्युपाइनवर ३३० ते ५७० मीटर खोलीत बिळं विरळ असतात आणि शेवंड चांगली पोसते. त्यामुळे इथे पैसा वजनापेक्षा आकाराचा मिळतो. मोठी शेवंड न मोडता, न काळवंडता, मिळाल्यापासून थोड्या वेळात गोठवायची, एवढ्यासाठी ही सगळी यातायात.

बोट २४ मीटरची, पोलादी, माणसं सहा. टाकीत वीस-बावीस हजार लिटर डिझेल. जाळं ओढताना दिवसाला दीड ते दोन हजार लिटर सहज जळतं. बर्फ घेतात तो बरोबर येणाऱ्या माशांपुरता. शेवंडीसाठी बोटीवरच गोठवणयंत्र आहे. शिवाय पुठ्ठ्याचे खोके, सोडियम मेटाबायसल्फाइटची पोती, एक अख्खं जादा जाळं, दोन-तीन जादा खोले, म्हणजे जाळ्याच्या टोकाच्या पिशव्या, आणि जाळ्याचं तोंड फाकवणाऱ्या फळ्यांच्या तळाला लावायच्या पोलादी पट्ट्या. या पट्ट्या चिखलात घासून झिजतात. त्या झिजल्या की फळी नीट उभी राहत नाही.

निघण्याआधीचं किचकट काम वायरीचं. दोन जाळी शेजारी शेजारी ओढायची तर विंचवर तीन वायरी लागतात. दोन कडेच्या फळ्यांना, एक मधल्या जड वजनाला, म्हणजे क्लम्पला. अलीकडे बऱ्याच आयरिश बोटी चार जाळी ओढतात, पण तत्त्व तेच. चारशे मीटर पाण्यात हजार मीटरच्या आसपास वायर सोडावी लागते. नवी वायर ताणाने वाढते आणि तिन्ही काही सारख्या वाढत नाहीत. ठरावीक अंतरावर वायरीत रंगीत दोऱ्याची खूण गुंफलेली असते. ती खूण चार-पाच मीटरने सरकली तरी जोडी वाकडी चालते, एक जाळं चिखल भरतं आणि दुसऱ्याची खालची दोरी तळाला धड टेकत नाही. म्हणून तिन्ही वायरी धक्क्यावर शेजारी शेजारी ओढून मोजतात. मधली वायर मुद्दाम थोडी आखूड सोडायची असते, कारण ती सरळ मागे जाते. कडेच्या दोन्ही फाकून जातात.

दुसरा दिवस: पश्चिमेकडे

सकाळी निघून उत्तरेच्या खाडीतून, इनिशमोर बेट डाव्या हाताला ठेवून बाहेर. नऊ नॉट वेगाने मासेमारीची जागा सोळा-सतरा तासांवर आहे. एच. एम. एस. पॉर्क्युपाइन या जहाजाने १८६२ मध्ये इथला तळ मोजला, त्यावरून उठावाला हे नाव मिळालं. शेवंडीचा चिखल उठावाच्या माथ्यावर नसून खालच्या उतारांवर आहे, सुमारे ७,००० चौरस किलोमीटरचा.

वाटेत दोन कामं. पहिलं, नकाशावर बंद क्षेत्रं तपासणं. या भागात थंड पाण्यातल्या प्रवाळांचे ढीग आहेत. बेल्जिका, हॉव्हलँड, वायव्य आणि नैर्ऋत्य पॉर्क्युपाइन या चार प्रवाळक्षेत्रांत तळाला टेकणारं जाळं २००८ पासून बंद आहे. युरोपीय संघाने ८०० मीटरखाली तळावरचं ट्रॉलिंग २०१६ च्या कायद्याने थांबवलं आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ४०० ते ८०० मीटरच्या पट्ट्यातली आणखी ८७ क्षेत्रं, एकूण १६,४१९ चौरस किलोमीटर, बंद केली. शेवंडीचा खालचा काठ नेमका याच पट्ट्यात येतो. बोटीचा उपग्रह-मागोवा चालूच असतो, त्यामुळे रेषेच्या आत शिरलेली बोट किनाऱ्यावर लगेच दिसते. आणि कायदा बाजूला ठेवला तरी प्रवाळात जाळं घालणारा जाळंच घालवतो.

दुसरं काम हवामानाचं. उठावाच्याही पश्चिमेला एम-६ नावाचा तरंगता मापनबोया आहे. अटलांटिकची लाट आधी तिथे पोचते. तिथली लाट वाढली आणि दोन लाटांमधलं अंतर चौदा सेकंदांवर गेलं, तर ती लाट एकवीस नॉटच्या आसपास वेगाने येते, म्हणजे साधारण तीन-साडेतीन तासांत मासेमारीच्या जागेवर. नुसता वारा बघणाऱ्याला हे उशिरा कळतं. इथली वाईट लाट बऱ्याचदा वारा नसतानाच येते.

तिसरा दिवस: पहिलं जाळं

जाळं टाकण्याचा क्रम ठरलेला. आधी दोन्ही खोले पाण्यात, मग जाळ्यांची पोटं, पंख, पंखांपासून फळ्यांपर्यंतचे दोर, मग क्लम्प आणि फळ्या. बोट चार नॉटच्या आसपास चालती ठेवायची आणि वायरी सोडताना जाळ्यांवर ताण राहू द्यायचा. घाईत वायर सैल सुटली की एक फळी पाठीवर पडते, दुसरीभोवती दोर फिरतो, आणि हे वर दिसत नाही. म्हणून फळ्यांवर अंतर मोजणारे सेन्सर लावलेले असतात. अंतर अचानक घटलं की फळी आडवी झाली असं समजायचं. मग ओढत बसण्यात अर्थ नाही, सगळं वर घ्यायचं.

तळाला टेकल्यावर वेग अडीच ते तीन नॉट. शेवंडीचं जाळं बुटकं असतं, तोंडाची उंची दीड-दोन मीटर, कारण शेवंड उडी मारून वर जात नाही. खालच्या दोरीला रबरी चकत्या ओवलेल्या असतात. खोल्याचा आस, म्हणजे जाळ्याचं छिद्र, ८० मिलिमीटर आणि जाळ्याच्या पाठीला १२० मिलिमीटर आसाची चौकोनी खिडकी. छोटे मासे वर पोहत त्या खिडकीतून निसटतात; शेवंड तळाशी राहून सरळ खोल्यात जाते.

आता उजेडाची गोष्ट. कुठल्या वेळी ओढायचं हे बोटीवरच्या घड्याळापेक्षा तळाशी पोचणारा प्रकाश ठरवतो. शेवंड बिळाबाहेर येते ती एका ठरावीक अंधुक उजेडात. दहा-वीस मीटर पाण्यात तेवढा अंधुकपणा रात्री असतो, म्हणून तिथली शेवंड निशाचर. पन्नास ते दोनशे मीटरमध्ये ती पहाटे आणि तिन्हीसांजेला बाहेर पडते. चारशे मीटरवर मात्र भर दुपारीच तळाशी तेवढा उजेड पोचतो, त्यामुळे इथलं चांगलं ओढणं दिवसा. जूनमध्ये या जागी सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो आणि रात्री सव्वादहाच्या सुमारास मावळतो. म्हणून सकाळी आठ ते संध्याकाळी आठ यात दोन लांब ओढी बसवणं महत्त्वाचं. रात्रीही जाळं रिकामं ठेवत नाहीत, पण तेव्हा तांडेल उताराच्या वरच्या अंगाला सरकतो, मंकफिश आणि मेग्रिम या तळाच्या माशांसाठी. उथळ पाण्यातली सवय घेऊन आलेला तांडेल पहाटे आणि संध्याकाळी जोर लावतो आणि दुपारी जाळं दुरुस्तीला काढतो. इथे ते अगदी उलटं पडतं.

पाच तासांच्या ओढीत बारा ते पंधरा सागरी मैल जातात. पहिल्या दुपारी दोन्ही जाळ्यांत मिळून ऐंशी-नव्वद किलो शेवंड, बाकी मासे. उथळ समुद्रातल्या बोटींना हा आकडा फुटकळ वाटेल, पण एका किलोत दहा-बाराच बसतात हे पाहिल्यावर मत बदलतं.

चौथा दिवस: टेबलावर

शेवंड गोठवणाऱ्या बोटीचं नफा-नुकसान निवडीच्या टेबलावर ठरतं.

खोला उघडला की माल थेट डेकवर न पडता पाण्याने भरलेल्या हौदात पडतो. उघड्या डेकवर वारा आणि ऊन कल्ल्यांना सुकवतात, शेवंड लवकर मरते, आणि मेलेल्या शेवंडीत काळपटपणा झपाट्याने चढतो. तळाशी पाणी १० अंशांच्या आसपास, जूनमध्ये वरचं त्याहून तीन-चार अंश गरम. म्हणून हौदातलं पाणी सतत बदलत राहायचं.

पट्ट्यावरून माल पुढे सरकतो. एक जण मासे काढतो, दोन जण शेवंड निवडतात. हातात घेतलेली शेवंड अशी दिसते: फिकट नारिंगी अंग, नांग्यांची टोकं पांढरी, काळेभोर मोठे डोळे, दोन नांग्यांपैकी एक जाड दाताची, दुसरी बारीक धारेची. पोटाखालच्या पायांच्या पहिल्या जोडीवरून नर-मादी कळतात; नराची जोडी कडक, काडीसारखी, मादीची मऊ आणि बारीक. कवचाची लांबी डोळ्याच्या खोबणीमागून पाठीच्या कवचाच्या मागच्या कडेपर्यंत कॅलिपरने मोजतात. या भागात किमान २५ मिलिमीटर लागते. पॉर्क्युपाइनवर त्याहून लहान क्वचितच हाती लागते, त्यामुळे कॅलिपर बहुतेक वेळ खुंटीलाच टांगलेला.

निवड किलोमागे नगांवर: दहाच्या आतली, दहा ते पंधरा, सोळा ते वीस, एकवीस ते तीस, आणि त्याखालची. अनुभवी हात वजनकाटा न बघता निवडतो, पण दर अर्ध्या तासाने एक टोपली मोजून बघतातच. थकलेला हात हळूहळू वरच्या वर्गात लहान शेवंड टाकायला लागतो. नुकतीच कात टाकलेली, दाबल्यावर दबणारी शेवंड पूर्ण शेवंड म्हणून खोक्यात जात नाही. नांगी तुटलेली किंवा चेपलेलीही नाही. त्यांची शेपटी पिळून काढतात आणि डोकं समुद्रात. शेपटीचं वजन पूर्ण शेवंडीच्या साधारण एक तृतीयांश, त्यामुळे निष्काळजी हाताळणीने चांगली शेवंड शेपटीच्या ढिगात गेली की तोटा दुहेरी.

मग मेटाबायसल्फाइटचं पाणी. मेल्यावर शेवंडीच्या अंगातली विकरं डोकं आणि शेपटी जोडणाऱ्या जागी काळे डाग पाडतात. हे रसायन ते रोखतं. द्रावण पोत्यावरच्या प्रमाणात वजन करून बनवायचं, ओंजळीने नाही, आणि टोपली घड्याळ लावून बुडवायची. फार कमी वेळ ठेवली तर वितळताना शेवंड काळी पडते आणि ग्राहक खोकाच परत करतो. फार वेळ ठेवली तर मांसात सल्फाइट किलोला १५० मिलिग्रॅमच्या युरोपीय मर्यादेवर जातं आणि सगळी खेप अडकते. काही टोपल्यांनंतर द्रावणाचा जोर उतरतो, तेव्हा ते बदलायचं. बहुतेक तक्रारी इथेच जन्माला येतात: पहिल्या टोपल्या जास्त, शेवटच्या कमी.

या रसायनाबद्दल एक गोष्ट प्रत्येक नव्या खलाशाला सांगतात. ओल्या पोत्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो. बंद खणात पोतं भिजलं आणि कोणी खाली उतरला तर जीव जाऊ शकतो. पोती वर, कोरड्या आणि हवेशीर जागी ठेवायची, आणि द्रावण उघड्यावर कालवायचं.

धुतलेली शेवंड खोक्यात ओळीने, पाठ वर, नांग्या पुढे दुमडून रचतात. थर एक किंवा दोनच. गोठवणयंत्रात उणे ३५ अंशांच्या आसपास हवा फिरते; खोक्याच्या मधोमध उणे १८ येईपर्यंत तो बाहेर काढायचा नाही. यंत्राच्या ताकदीपेक्षा जास्त माल एकदम कोंबला की हवा नीट खेळत नाही, मधले खोके हळू गोठतात, मांसात बर्फाचे मोठे स्फटिक होतात आणि वितळल्यावर मांस भुसभुशीत लागतं. त्यामुळे उत्पन्न चांगलं असलं की पुढची ओढ थोडी उशिरा उचलावीशी वाटते. पण खोल्यात जास्त वेळ राहिलेला माल चेपला जातो. चांगला तांडेल ओढीची लांबी यंत्राच्या तासांवर बेततो. शेवटी गोठलेल्या शेवंडीवर थंड पाण्याचा पातळ बर्फथर देतात. तो नसेल तर कवच आणि मांस साठवणीत सुकून पांढरट होतं.

पाचवा दिवस: चिखल

सकाळच्या ओढीत डावं जाळं चिखलाने गच्च. वायर जास्त सुटली किंवा बोट फार हळू चालली की फळी तळ नांगरायला लागते. चिखल भरलेलं जाळं एकदम उचललं तर आस फाटतात. म्हणून ते पृष्ठभागाखाली ठेवून बोट चार नॉटने चालवायची आणि दहा-पंधरा मिनिटं चिखल धुवून जाऊ द्यायचा. त्याहून जास्त धुतलं तर शेवंडींच्या नांग्या झडतात. पुढच्या ओढीत तिन्ही वायरी पंचवीस मीटरने कमी केल्या आणि वेग थोडा वाढवला. जाळं स्वच्छ आलं.

त्याच दिवशी एक मोठा स्केट, पाकटासारखा चपटा मासा, आला, दोन माणसांना उचलावा लागेल असा. या मोठ्या स्केटची मासेमारी पूर्ण बंद आहे. तो शेपटीला न धरता दोन्ही कडांनी उचलून लगेच पाण्यात सोडायचा आणि नोंद करायची. कोटा असलेले बाकीचे मासे टाकून द्यायला परवानगी नाही, ते बंदरात न्यावेच लागतात, त्यामुळे नको असलेल्या माशांनीही जागा आणि बर्फ खाल्ला.

सहावा आणि सातवा दिवस: लाट

एम-६ चा आकडा पाच मीटरवर गेला. लाटेवर बोट वर-खाली होते, वायरी झटके देतात, फळ्या तळावरून उचलल्या जातात आणि जाळं उड्या मारत जातं. त्याखालून शेवंड सुटते, आणि डिझेल मात्र तेवढंच. जाळं वर घेऊन बोट लाटेला तोंड देत दोन-तीन नॉटने नुसती धरून ठेवली. विश्रांतीचा नियम दर २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्याला ७७ तास आहे. चांगल्या उत्पन्नात तो पाळायला मुश्किल, वादळात आपोआप पाळला जातो.

आठवा दिवस: दक्षिणेकडे

लाट उतरल्यावर वीस मैल दक्षिणेला. इथे टेबलावर माद्या जास्त दिसल्या. अंडी असलेली मादी हिवाळाभर बिळात राहते. वसंतात पिल्लं सोडल्यावर बाहेर पडते, कात टाकते, नराशी जुळते, चरते. त्यामुळे जूनमध्ये माद्या मिळणं नेहमीचंच. पण त्या फार वाढल्या तर चिंतेचं असतं. २००९ च्या सुमारास पॉर्क्युपाइनच्या मालात माद्यांचं प्रमाण वाढत गेलं. नर कमी झाल्यामुळे जोडीदार न मिळालेल्या माद्या जास्त काळ बाहेर राहत असाव्यात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज होता. २०१० मध्ये मे ते जुलै अशी तीन महिन्यांची बंदी आली, २०१३ पासून ती फक्त मे महिन्यापुरती झाली.

साठा मोजायला आता जाळं लागत नाही. गॉलवेजवळच्या ओरनमोरची मरीन इन्स्टिट्यूट २०१२ पासून इथे कॅमेरा लावलेली घसरगाडी तळावरून हळू ओढते आणि चित्रफितीत बिळं मोजते. एका बिळात एक शेवंड धरतात. पॉर्क्युपाइनवर चौरस मीटरला बीळ शोधावं लागतं, तर आयरिश समुद्रातल्या चिखलात जवळजवळ दर चौरस मीटरला एक सापडतं. इतक्या विरळ वस्तीवर मोठ्या ताफ्याने वर्षभर जाळं फिरवलं तर मोठ्या शेवंडी आधी संपतात, म्हणून या उठावासाठी कोट्यात वेगळी मर्यादा आहे. आपल्याकडे मुंबईच्या पाण्यातली चपटी वाळूशेवंड नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत अशीच हातची गेली; तिच्यासाठी वेळेत मर्यादा आली नव्हती.

शेवटचे दोन दिवस: परत

कोटा आणि खोके दोन्ही भरत आल्यावर शेवटची ओढ दुपारीच उचलली. परतीच्या वाटेवर इलेक्ट्रॉनिक लॉगबुक, वर्गवार वजनं आणि बंदरात पोचण्याची आगाऊ सूचना. पूर्ण शेवंड आणि शेपट्या वेगळ्या लिहायच्या. कोट्यात शेपटीचं वजन तिपटीने धरलं जातं, हे विसरणाऱ्याचा हिशेब चुकतो.

रॉसाव्हीलला माल खणातून थेट शीतगाडीत जातो. धक्क्यावर खोके उन्हात ठेवले की वरचा थर सुटायला लागतो आणि खोक्यांच्या आत पुन्हा गोठलेल्या पाण्याच्या खुणा उमटतात. खरेदीदार तेच बघतो. तो काही खोके फोडून नग मोजतो, सांध्याजवळचा काळेपणा बघतो, बर्फथर खरवडून निव्वळ वजन घेतो. सोळा ते वीसच्या खोक्यात तेवीस निघाल्या तर बहुधा त्या वर्गाचा सगळा माल एक पायरी खाली जातो.

मोठ्या वर्गाला स्पेन, फ्रान्स आणि इटलीत मागणी. डिसेंबरात स्पेनच्या नाताळामुळे भाव चढतो, म्हणून काही मालक जूनचा सर्वांत मोठा माल उणे २० अंशांच्या शीतगृहात ठेवून देतात. भाडं, विजेचा खर्च आणि सुकून होणारी वजनातली घट धरून ते परवडतं की नाही, यावर मालकांचं आपसात कधीच एकमत होत नाही.